गजराज (मालवाहू विमान)

गजराज हे भारतीय वायुसेनेतील इल्युशिन आयएल-७६ एमडी या चार इंजिनांच्या जड मालवाहू जेट विमानाचे नाव आहे. सोव्हिएत बनावटीचे हे विमान १९८५ साली वायुसेनेत दाखल झाले. २०१३ मध्ये अमेरिकी सी-१७ येईपर्यंत ते वायुसेनेचे सर्वांत मोठे विमान होते. गजराजांचा ताफा काही वर्षे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर होता.

पार्श्वभूमी

४० टन माल ५,००० किलोमीटर अंतरावर सहा तासांच्या आत पोहोचवणारे आणि सायबेरियातील कच्च्या धावपट्ट्यांवरही उतरू शकणारे विमान सोव्हिएत संघाला हवे होते. गेन्रिख नोवोझिलोव यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचा आराखडा तयार झाला व २५ मार्च १९७१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. उत्पादन ताश्कंद येथे होत असे.

रचना

विमानाची लांबी ४६.६ मीटर, पंखविस्तार ५०.५ मीटर आणि उंची १४.८ मीटर आहे. पंख धडाच्या माथ्यावर बसवलेले असल्यामुळे दोन गोष्टी साधतात. मालकक्षाची जमीन खाली राहते, त्यामुळे वाहने मागील उतरत्या फळीवरून थेट आत जातात. शिवाय पंखांखालची इंजिने धावपट्टीवरील खडे-धुळीपासून दूर राहतात. मालकक्ष सुमारे ३.४ मीटर रुंद, तितकाच उंच आणि २० मीटर लांब असून त्यात माल ओढण्यासाठी व उचलण्यासाठी यंत्रे आहेत.

विमानाला एकूण २० चाके आहेत: पुढे ४ व धडाखाली १६. भार अनेक चाकांवर विभागला गेल्याने मऊ जमिनीत ती रुतत नाहीत. टायरांतील हवेचा दाबही उड्डाणादरम्यान कमी-जास्त करता येतो. नाकाच्या खालच्या भागात मार्गदर्शकासाठी काचेचा कक्ष आहे. ही या विमानाची सहज ओळखू येणारी खूण होय.

क्षमता

प्रत्येक इंजिनाची रेटाशक्ती सुमारे १२,००० किलोग्रॅम आहे. उड्डाणावेळचे कमाल वजन १९० टन आणि मालवहनक्षमता सुमारे ४७ टन आहे. म्हणजेच सुमारे ४१ टनांचा टी-७२ रणगाडा त्यातून नेता येतो, मात्र एका वेळी एकच. मालाऐवजी १२६ छत्रीधारी सैनिकही नेता येतात.

लडाखमधील लेहची धावपट्टी ३,२०० मीटरहून उंचावर आहे. तेथील विरळ हवेत पंखांची उचल आणि इंजिनांची शक्ती दोन्ही घटतात. दिवस चढून हवा तापली की ती आणखी विरळ होते; म्हणून तेथील उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होतात. हिवाळ्यात बर्फाने घाटरस्ते बंद होत असल्याने लडाखमधील सैन्याचा शिधा, इंधन व दारूगोळा यांसाठी हवाई मार्ग निर्णायक ठरतो.

भारतीय सेवा

गजराज ४४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे सोपवण्यात आले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या स्क्वाड्रनकडे आधी एएन-१२ विमाने होती. त्याच विमानांनी ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनबरोबरच्या युद्धात एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे चुशूलला पोहोचवले होते. गजराजमुळे तेच काम दुपटीहून अधिक भारासह शक्य झाले.

३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सशस्त्र टोळीने सत्ता उलथवण्याचा प्रयत्न केला. राष्ट्राध्यक्ष गयूम यांच्या विनंतीवरून त्याच रात्री गजराज विमाने ५० व्या स्वतंत्र पॅराशूट ब्रिगेडचे सैनिक घेऊन आग्र्याहून निघाली आणि सुमारे अडीच हजार किलोमीटरचा प्रवास न थांबता करून हुलुले विमानतळावर उतरली. बंड मोडले गेले. ही मोहीम ‘ऑपरेशन कॅक्टस’ म्हणून ओळखली जाते.

नागपूर आणि देखभाल

वायुसेनेच्या देखभाल विभागाचे (मेंटेनन्स कमांड) मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर आराखडा संस्था रशियात, तर कारखाना उझबेकिस्तानात राहिला आणि सुट्या भागांचा प्रश्न बिकट झाला. देशांतर्गत देखभालीचे महत्त्व त्यामुळे वाढले. स्क्वाड्रन पुढे चंडीगडला हलवण्यात आले.

याच सांगाड्यावर बेतलेली आयएल-७८ ही हवेत इंधन भरणारी विमाने २००३ पासून, तर फाल्कन रडार वाहणारी टेहळणी विमाने २००९ पासून भारतीय सेवेत आहेत.