राखेची साख

आजीच्या राखुंडीत काय असायचं? कोकणात तरी बहुतेक घरी भाताचं तूस जाळून केलेली राख, वर चिमूटभर मीठ, हौस असली तर लवंग. दात लख्ख व्हायचे ते त्या राखेतल्या सिलिकामुळे, आणि हिरड्या सोलून निघायच्या त्याही सिलिकामुळेच. दातांवरून हद्दपार झालेला हा माल आता सिमेंटच्या गोणीत जागा मागतोय, आणि त्याची मागणी अगदीच हवेतली नाही.

भात वाळू पितो

भाताचं रोप मुळांवाटे पाण्यात विरघळलेलं सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक, ओढून घेतं. किती? वाळलेल्या रोपाच्या वजनात सिलिकॉनचा वाटा दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे ओढण्याचं काम करणारं जनुक जपानच्या ओकायामा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली हुडकून काढलं. तुसात हे सिलिका ठासून भरलेलं असतं. दाण्याला किडीपासून आणि बुरशीपासून वाचवणारं ते चिलखतच. म्हणून तर गुरंही तुसाला तोंड लावायला नाखूश.

हिशेब सोपा आहे. १००० किलो धान भरडलं की साधारण २०० किलो तूस निघतं. ते जाळलं की ४० किलोच्या आसपास राख उरते, आणि नीट जळालेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असतं. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलवाल्यांना हा आकडा सांगायला नको. त्यांच्या आवारात ढीगच उभे असतात.

आयतोबा चुना

सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक, खडी-वाळूला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. काँक्रीटची खरी ताकद ती. दुसरी, चुना. हा चुना आत नुसता बसून असतो. पाणी झिरपलं की त्याच्याबरोबर बाहेर पडतो; जुन्या स्लॅबखाली दिसणारे पांढरे ओघळ पुष्कळदा त्याचेच. राखेतलं सिलिका या आयतोबाला गाठून कामाला लावतं आणि त्याच्यापासून आणखी तोच चिकट पदार्थ बनवतं. आतली बारीक छिद्रं बुजतात, खारं पाणी सळईपर्यंत पोचायला वेळ लागतो. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत घर बांधणाऱ्याला यातलं मोल वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या जुन्या गवंड्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कसब ठाऊक होतं. भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुरखी. ती चुन्यात घालून घाण्यात मळायची. १८९५ साली पुरं झालेलं केरळातलं मुल्लापेरियार धरण याच चुना-सुरखीवर उभं राहिलं. रोमन लोक तेच काम ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेत. तूस या रांगेत उशिरा आलं, एवढंच.

जाळ मंद, काम बुलंद

आता सगळ्यात गमतीचा भाग. राख तीच, तूस तेच. पण आच चुकली की सगळं मुसळ केरात. ५०० ते ७०० अंश सेल्सियसच्या दरम्यान सांभाळून जाळलं तर सिलिकाचे कण विस्कळीत, अस्फटिक राहतात आणि चुन्याशी चटकन जुळतात. पारा ८०० च्या वर जाऊन तिथेच रेंगाळला की तेच सिलिका स्फटिक होऊन बसतं. मग चुना समोर नाचला तरी ते ढिम्म. शिवाय अशी स्फटिक धूळ फुप्फुसांना घातक, तो वेगळाच ताप.

उलट आच कमी पडली, हवा कमी मिळाली, तर राख काळी राहते. काळेपणा म्हणजे न जळालेला कार्बन, आणि तो काँक्रीटमधलं पाणी आणि महागडी रसायनं पिऊन टाकतो. तेव्हा काळी राख वाईट हे खरं, पण पांढरी म्हणजे चांगली असं समजू नका. जास्त भाजलेली राखही पांढरीच असते. डोळ्यांनी निवाडा होत नाही. त्यासाठी क्ष-किरणांची तपासणी किंवा चुन्याबरोबरची चाचणी करावी लागते.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकात या आचेच्या गणितावर पायाभूत काम केलं. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये जाळीची टोपली आणि तिच्यात नळ्या अशी साधी भट्टी तयार झाली, मिलच्या दारातच तूस जाळता यावं म्हणून. मला विचाराल तर डोकं इथे लढवलंय. कारण तूस एका घनमीटरात जेमतेम १००-१५० किलो मावतं. ते ट्रकमध्ये भरून लांब न्यायचं म्हणजे भाडं देऊन हवा फिरवणं.

एका ग्रॅममध्ये वन बीएचके

चांगल्या तूस-राखेचे कण आतून सच्छिद्र असतात. एका ग्रॅम राखेतल्या या सगळ्या छिद्रांचा पृष्ठभाग अंथरला, तर तो ५० चौरस मीटरपर्यंत भरू शकतो, म्हणजे ५४० चौरस फूट. मुंबईत एवढ्यात सुखाने संसार होतो. तोटा असा की ही राख पाणीही तितक्याच हौसेने पिते. म्हणून सिमेंटमधला साधारण १० ते २० टक्के भागच तिच्यावर सोपवतात, आणि जोडीला काँक्रीट सैल ठेवणारं रसायन घालतात.

उसाचं काय?

पश्चिम महाराष्ट्राचा प्रश्न रास्त आहे. कारखान्यात उसाचा रस निघाला की चिपाड बॉयलरमध्ये जातं, त्यावर वीज होते आणि मागे राख उरते. हंगामात कारखान्याजवळच्या गावात दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते, ती याच घराण्यातली. ही राख बोटांवर घेऊन चोळा: करड्या भुकटीत काळ्या, लांबुळक्या काड्या लागतात. ते अर्धवट जळालेले तंतू, आणि खरी अडचण त्यांचीच. आयआयटी मद्रासमधल्या संशोधकांनी त्यावर काढलेला उपाय गृहिणीलाही सुचेल असा आहे: आधी ३०० मायक्रॉनच्या चाळणीने चाळा, मग सिमेंटइतकी बारीक दळा. तंतू वर राहतात, कामाचं खाली पडतं.

मग चुलीतली राख का नको? लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश जास्त, सिलिका थोडं. ती शेणखतात टाका, स्लॅबमध्ये नको.

गिऱ्हाइकं आणखीही आहेत

तूस-राखेवर डोळा एकट्या काँक्रीटचा नाही. पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या धातूवर ती पसरतात, उष्णता टिकावी म्हणून. गुडइयर कंपनी तिच्यातलं सिलिका काढून टायरमध्ये घालते.

आणि आता आकड्यांचा चटका

सिमेंटची भट्टी १४५० अंशांवर चालते आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच. या वायूच्या जगातल्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के. राख वाचवेल आपल्याला? जगात वर्षाला सुमारे ८० कोटी टन धान पिकतं. त्याचं सगळं तूस नीट जाळलं तर राख तीन कोटी टनांच्या थोडी वर. सिमेंट लागतं सुमारे ४०० कोटी टन. म्हणजे जगभरचं तूस एक टक्काही भरून काढत नाही. राखेचं काम गावाजवळचं आहे: मिल इथे, भट्टी इथे, बांधकामही इथेच. तेवढ्यात ती चोख आहे, आणि तेवढंच तिच्याकडून मागावं.

भारतीय मानक आयएस ४५६ तूस-राखेला परवानगी देतं, मात्र संबंधित अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच. वर बजावतंही की बेताल जळालेली राख काँक्रीटमध्ये गाळाइतकी घातक ठरू शकते. तेव्हा कुणी स्वस्तातलं राखेचं सिमेंट घेऊन दारात आला, तर आधी प्रयोगशाळेचा ताजा अहवाल मागा, आणि तो ज्या राखेचा आहे तीच राख गोणीत आहे ना, हे मिस्त्रीवर न सोडता इंजिनिअरकडून तपासून घ्या.