रिव्हरवरचे अकरा हजार

पोकर म्हणजे समोरच्याचा चेहरा वाचणं, हा समज सिनेमांनी पसरवला. जाणता खेळाडू चेहऱ्याकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी वाचतो ती बेट, आणि तीही पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेच्या, हिशेबात. पॉटमध्ये ८,००० असताना २,००० लावणं ही नुसती चाचपणी असते. पॉट ९०० चा असेल तर तेच २,००० अंगावर येतात.

पणजीला मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनोत १००-२०० च्या टेबलावर पाहिलेला हा डाव. पुण्याहून नेमाने येणाऱ्या एका काकांनी ८०० ला रेज केलं. बटणवरच्या तरुणाने कॉल केलं, बाकीचे फोल्ड. सुरुवातीचे सक्तीचे १०० आणि २०० धरून पॉट १,९००. फ्लॉपला, म्हणजे पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत, इस्पिकचा राजा, इस्पिकची सत्ती, चौकटची दुर्री. काकांनी ७०० लावले, कॉल. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, किलवरची चौकी. काकांचे २,०००, पुन्हा कॉल. रिव्हरला, म्हणजे पाचवा आणि शेवटचा पत्ता, बदामची नव्वी. काकांनी चेक केलं, आणि तरुणाने ७,३०० च्या पॉटमध्ये ११,००० सरकवले.

काका थांबले. त्यांच्या हातात बदामचा एक्का आणि चौकटचा राजा होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. कॉलसाठी ११,००० घालायचे, तर शंभरात साधारण अडतीस वेळा तरी जिंकायला हवं. मग प्रश्न असा, की एवढी रक्कम कोण लावतो? राजा-राणीवाला लावणार नाही. त्याच्यापेक्षा हलका हात एवढ्याला कॉल करत नाही, भारी हात सोडत नाही. म्हणजे एक तर सेट (हातातली जोडी आणि समोर तिसरा तोच पत्ता), नाहीतर हुकलेला फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते). एक सत्ती समोर पडलेली असल्यामुळे सत्त्यांच्या जोडीचे तीनच प्रकार उरतात, दुर्रीचेही तीनच. इस्पिकच्या दोन पत्त्यांचे प्रकार त्याहून कितीतरी जास्त, आणि काकांकडे इस्पिक एकही नसल्यामुळे त्यातला एकही कमी होत नव्हता. शिवाय फ्लॉपवर दोन इस्पिक दिसत असताना सेटवाला बहुधा तिथेच रेज करतो. तिसरं इस्पिक पडलं की समोरून पैसे यायचे थांबतात.

कागदावर कॉल होता. काकांनी फोल्ड केलं.

ब्रेकमध्ये मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, त्याचे आधीचे डाव पाहिलेस ना?" पाहिले होते. त्या संध्याकाळी त्याने दोनदा पत्ते उघडले होते आणि दोन्ही वेळा फ्लॉपलाच पक्का हात असूनही तो नुसता कॉल करत रिव्हरपर्यंत आला होता. फ्लश हुकला की मात्र तो मुकाट्याने पत्ते टाकायचा. मला काकांचा निर्णय पटला. छोट्या टेबलांवर पॉटहून मोठी रिव्हर बेट क्वचितच पोकळ असते, कारण हातात काही नसताना एवढे पैसे पुढे ढकलायचं धैर्य फार थोड्यांकडे असतं. तरुणाने तर पत्ते पालथेच डीलरकडे सरकवले होते. वाचन बरोबर होतं की नाही, हे या खेळात बहुतेक वेळा असंच झाकलेलं राहतं.

उघड झालेलं एक वाचन मात्र पोकरवाल्यांना तोंडपाठ आहे. लास वेगास, २००३. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या शेवटच्या दोघांत सॅमी फरहा आणि टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर. टर्नला समोर तिसरं इस्पिक पडलं, फरहाने बेट लावली आणि मनीमेकरने तिथेच रेज केलं. रिव्हरवर तो ऑल-इन गेला. इथे बेट सांगत होत्या ती गोष्ट पहिल्यापासून जुळत होती. फ्लश लागलेला माणूस अगदी असाच खेळला असता. प्रत्यक्षात त्याच्याकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती होती. फ्लशही हुकला होता आणि सिक्वेन्सही. फरहाकडे नव्व्यांची जोडी, म्हणजे जिंकणारा हात. त्याने बराच वेळ घेतला आणि पत्ते टाकले.