देहाचे अंतरंग आणि आपला एक शब्द

चाकणच्या औद्योगिक वसाहतीचे नाव निघाले की डोळ्यांसमोर येतात त्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग. परंतु याच चाकणमध्ये फिलिप्सच्या कारखान्यात 'सी-आर्म' हे वैद्यकीय यंत्रही तयार होते. त्याच्या अर्धवर्तुळाकार बाहूच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी आणि दुसऱ्या टोकाला ते किरण टिपणारा भाग असतो, मधोमध रुग्ण. मोडलेल्या मांडीत सळई बसवताना ती हाडात नेमकी कोठवर पोहोचली, हे शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रिया चालू असतानाच पडद्यावर दिसते.

१८९५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांच्या पत्नीच्या हाताच्या छायाचित्रात हाडे आणि बोटातील अंगठी उमटली. या शोधाचे पेटंट राँटगेन यांनी घेतले नाही. हाड हे किरण अडवते म्हणून पांढरे दिसते. हवेने भरलेले फुप्फुस काळे. पण ही सपाट सावली असल्याने पुढचे-मागचे अवयव एकमेकांवर पडतात. १९७१ मध्ये लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने ही अडचण दूर केली. त्यात नळी देहाभोवती फिरते आणि संगणक देहाचे आडवे छेद रचून दाखवतो.

सोनोग्राफी ध्वनीच्या प्रतिध्वनींवर चालते. तीत क्ष-किरण नसतात. एमआरआयमध्येही ते नसतात. तेथे प्रबळ चुंबकाच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनकडून संकेत मिळवले जातात आणि मेंदू, मज्जारज्जू, सांधे यांचे बारकावे उमटतात.

आपल्या परिसरातील कुटुंबांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट येथेच आहे. दीड टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारे ३०,००० पट प्रबळ असतो आणि तपासणी चालू नसतानाही तो कार्यरत असतो. लेथवर किंवा ग्राइंडरवर काम करताना डोळ्यात रुतून राहिलेला लोखंडाचा कण त्याच्या ओढीने सरकला, तर दृष्टीला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून अशी घटना कितीही जुनी असली तरी तंत्रज्ञांना आधीच सांगावी. गरज वाटल्यास ते प्रथम डोळ्यांचा एक्स-रे काढून घेतात. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला धातू असल्यास तेही सांगावे. एक्स-रे वा सीटीपूर्वी गर्भधारणेची शक्यता लपवू नये.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आयुष्य वेचलेल्या वडीलधाऱ्यांना असा प्रसंग कदाचित आठवणार नाही, किंवा तो सांगण्याजोगा वाटणार नाही. त्यांच्यासोबत तपासणीला जाताना, "बाबा, कधी डोळ्यात कीस गेला होता का?" हे आपणच आठवणीने विचारावे.