मोहाच्या रंगाचं हरीण

आपल्याकडे सीतेला कांचनमृग हवा असतो तो चोळीसाठी. कीर्तनात तसंच ऐकलं, जात्यावरच्या ओव्यांतही तसंच. त्यामुळे वाल्मीकीचं अरण्यकांड पहिल्यांदा मुळातून वाचायला घेतलं तेव्हा मी चोळी शोधत बसलो होतो. ती तिथं नाहीच. तिथल्या सीतेला हरीण आधी जिवंत हवंय. वनवास संपला की अयोध्येच्या अंतःपुरात ते शोभेल, भरत आणि सासवा बघत राहतील, असा तिचा बेत आहे. जिवंत हाती लागलंच नाही, तर त्याचं कातडं गवताच्या आसनावर अंथरून बसावं, एवढंच तिचं म्हणणं. लक्ष्मणरेषाही वाल्मीकीत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे.

मग आहे काय? प्रचलित पाठातल्या बेचाळिसाव्या सर्गात त्या हरणाचं वर्णन आहे, आणि ते वाचताना आरमोरीकडचा माणूस एका शब्दापाशी अडखळतो. शिंगांची टोकं रत्नांची, खूर वैडूर्याचे, अंगभर रुपेरी ठिपके, सगळं रीतीप्रमाणे झगमगीत. आणि या जडजवाहिरात मधेच कवी सांगतो की, त्याच्या कुशी मधूकासारख्या होत्या. मधूक म्हणजे मोह. आपला मोह!

सोन्याच्या हरणाला मोहफुलाची उपमा कशाला? ज्यानं फक्त बाटलीतला मोह पाहिलाय त्याला हे कोडं कळायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली जा. रात्र संपता संपता फुलं टपटप गळायला लागतात. बाया-पोरं टोपल्या घेऊन आलेली असतात. खालचा पाचोळा जाळून जागा आधीच साफ केलेली. हातात घेतलं तर फूल पाकळ्यांचं वाटतच नाही, गरानं भरलेल्या टपोऱ्या द्राक्षासारखं लागतं. बोटांना चिकटतं. रंग सायीसारखा, किंचित पिवळट. हे फूल अंगणात उन्हात पसरलं की आधी पिवळं पडतं, मग तांबूस आणि शेवटी मनुक्यासारखं तपकिरी होतं.

तेव्हा प्रश्न असा, की कवीच्या डोळ्यांसमोर कोणता मोह होता, पहाटेचा की वाळलेला?

पुढचीच उपमा कमळाच्या केसरांची आहे, म्हणजे पिवळी सोनेरी. ती पाहिली की ताज्या फुलाच्या बाजूनं कौल द्यावासा वाटतो. पण रुपेरी ठिपके सायीच्या रंगावर दिसणार कसे? ते उठून दिसायला तांबूस कातडीच लागते. मला विचाराल तर ते वाळत घातलेलं फूल आहे, पिवळ्याचं तांबूस होत असतानाचं. ज्या राक्षसानं नुकतंच रूप बदललंय, त्याच्या कुशीला रंग बदलणारं फूल. कवीनं हे ठरवून केलं असेल असा माझा दावा नाही. पण मोह अंगणात वाळताना ज्यानं पाहिला नाही त्याला ही उपमा सुचणार नाही, एवढं मी म्हणेन.

आता दागिने उतरवून त्या हरणाकडे पाहा. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके, बारीक पाय, काळं-पांढरं तोंड, जरा उंच धरलेली मान, वर उचललेली शेपटी. हे चितळ आहे. ठिपकेदार या अर्थी कवी ‘चित्र’ हा शब्द वापरतो आणि चितळ हे नाव त्याच मुळापासून आलेलं. शेपटीला तो इंद्रधनुष्याचे रंग देतो, ती त्याची हौस. पण ती वर उचललेली आहे हे त्यानं पाहिलेलं आहे. बिचकलेलं चितळ शेपटी उभी करतं आणि तिची पांढरी बाजू झाडीत लख्खकन दिसते. दिवससुद्धा जुळतात. हरीण येतं तेव्हा सीता फुलं वेचत असते, त्यांत अशोक आहे, आंब्याचा मोहोर आहे. म्हणजे वसंत. मोह गळायचे दिवस आणि ती फुलं खायला चितळं झाडाखाली यायचेही.

रत्नांचं म्हणाल तर लक्ष्मण लगेच शंका काढतो की असं रत्नजडित हरीण पृथ्वीवर नसतंच, हा मारीच आहे. हरीण नसेल, रत्नं मात्र इथल्याच मातीत होती. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. यावरून कांचनमृग वैरागडचा होता असं कुणी सिद्ध करायला निघेल, म्हणून इथंच थांबतो.

पण या सर्गातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट रंगाची नाही, वासाची आहे. मारीच आश्रमाभोवती चरत असतो. रानातली इतर हरणं त्याला पाहून जवळ येतात, हुंगतात आणि दाही दिशांना पळत सुटतात. हरणं मारून खाणारा मारीच त्या वेळी मात्र त्यांना तोंड लावत नाही, नाहीतर सोंग उघडं पडेल. सोन्यानं सीता भुलली, रामही भुलला. हरणांना सोनं दिसलंच नाही, त्यांना शिकाऱ्याचा वास आला. जादूच्या गोष्टीत एवढी खरी ओळ घालायची तर कवीला रान माहीत असावं लागतं. चितळांचा कळप वाऱ्याची दिशा फिरताच कसा उधळतो, हे आमच्या भागात गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असतं.

मारीच तरी कसला! तो पूर्वीही एकदा हरीण झालेला होता आणि ती हकिकत तो स्वतःच रावणाला सांगतो. दोन राक्षस सोबतीला, तेही हरणांच्या रूपात. मोठे सुळे, तीक्ष्ण शिंगं, आणि दंडकारण्यात तापसांना मारून खात हिंडणं. मांस खाणारं हरीण! रामाच्या बाणांनी ते दोघे मेले, हा निसटला. तेव्हापासून त्याला झाडाझाडांत वल्कलं नेसलेला राम दिसतो. ‘र’नं सुरू होणाऱ्या शब्दांचीही त्यानं धास्ती घेतलीय, अगदी रत्न आणि रथ यांचीसुद्धा. हे तो सांगतोय कुणाला? रावणाला. कवी गालात हसला असणार.

हरणामागे धावण्याआधी राम तऱ्हेतऱ्हेच्या मऊ कातड्यांची नावं घेतो, त्यांत एक कदली आहे. ती केळ नव्हे. अमरकोशात कातड्यासाठी प्रसिद्ध मृगांच्या यादीत हे नाव आहे. कोणता प्राणी, ते ज्याला सांगता येईल त्यानं सांगावं.

हे सगळं घडलं कुठं, यावर नाशिकच्या पंचवटीचा दावा आपल्याला पाठ आहे. तेलंगणात भद्राचलमजवळच्या पर्णशाला गावाचाही तसाच दावा आहे. मला त्या भांडणात पडायचं नाही. आरमोरीजवळून वाहणारी वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. नाशिकहून आलेलं पाणी आणि आमचं पाणी तिथून एकत्रच भद्राचलमकडे जातं.

मार्चअखेरीस इकडे आलात तर पहाटेचं एक फूल आणि अंगणात वाळलेलं एक फूल शेजारी शेजारी तळहातावर ठेवून पाहा, आणि मधूक कोणता ते तुम्हीच ठरवा. फक्त मोहाखाली एकटे जाऊ नका, आणि अंधार असताना तर नकोच. मोहासाठी चितळ येतं आणि चितळासाठी वाघ. आरमोरी-वडसा भागात फुलं वेचायला गेलेली माणसं वाघानं मारलेली आहेत.