गरिबाची खाट – ७ : आमदारांची चिठ्ठी लागते का?

धर्मादाय रुग्णालयांनी निर्धन रुग्णांसाठी बिलांतून बाजूला ठेवायच्या दोन टक्क्यांच्या निधीचा हिशेब आज मांडायचा होता. तो पुढच्या आठवड्यावर गेला, आणि त्याला कारण बार्शीचे एक वाचक. त्यांच्या मेहुण्यांना मांडीच्या हाडाच्या ऑपरेशनसाठी पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयात न्यायचे आहे. रेशनकार्ड पिवळे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ताजा. ‘पण आमदारसाहेब अधिवेशनाला गेलेत. त्यांची चिठ्ठी मिळेपर्यंत थांबावे का?’

अजिबात थांबू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली घालून दिलेल्या योजनेत चिठ्ठीला जागाच नाही. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आता १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. दाखला किंवा रेशनकार्ड बघायचे आणि दाखल करून घ्यायचे. रुग्ण आणीबाणीत असेल तर आधी उपचार, कागद मागाहून. अशा वेळी डिपॉझिट मागायचेच नाही.

एवढ्यावर लेख संपायला हरकत नव्हती. पण या चिठ्ठीचे घराणे जुने आहे आणि त्यावर लिहायचे बरेच दिवस मनात आहे.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडमधली धर्मादाय रुग्णालये वर्गणीवर चालत. वर्षाला ठरावीक गिनी भरणाऱ्याला काही रुग्णांची शिफारस करण्याचा हक्क मिळे; वर्गणी जास्त, तर चिठ्ठ्याही जास्त. गरीब माणूस आजारी पडला की आधी वर्गणीदार शोधायचा, त्याच्या दारात उभे राहायचे, चिठ्ठी मिळवायची आणि मग रुग्णालय गाठायचे. बरे झाल्यावर त्या गृहस्थाचे आभार मानून येणेही अनेक ठिकाणी सक्तीचे होते. थोडक्यात, औषध रुग्णालयाचे आणि उपकार वर्गणीदाराचे.

विल्यम मार्सडेन नावाच्या तरुण सर्जनची गोष्ट अशी सांगतात की, लंडनच्या होबर्न भागात एका चर्चच्या पायऱ्यांवर त्याला एक मरणासन्न मुलगी आढळली. तिच्याकडे चिठ्ठी नव्हती, म्हणून एकही रुग्णालय तिला घेईना. मार्सडेनने १८२८ मध्ये स्वतःच एक छोटे रुग्णालय काढले. नियम एकच: आजारी आणि गरीब असणे पुरे, चिठ्ठी नको. १८३२ च्या कॉलऱ्यात त्याची दारे उघडी राहिली. हेच पुढे ‘रॉयल फ्री’ झाले.

मला खरे कुतूहल आहे ते यानंतरच्या भागाचे. दार सताड उघडल्यावर गर्दी लोटली आणि शंका सुरू झाली: यांतले खरे गरीब किती? ते तपासायला १८९५ मध्ये याच रॉयल फ्रीने मेरी स्टुअर्ट या बाईंना नेमले. बाह्यरुग्ण विभागाच्या एका कोपऱ्यात बसून त्या येणाऱ्यांची चौकशी करत. फसवणारे फार थोडे सापडले. उलट बाईंना दिसले ते वेगळेच: डॉक्टर लिहून देत ते दूध आणि विश्रांती घरी मिळण्याची शक्यताच नव्हती. चोर पकडायला बसवलेल्या बाई मग लोकांना मदत कुठून मिळेल ते शोधू लागल्या. चिठ्ठी गेली, टेबल आले.

ते टेबल मुंबईतही आले. दोराबजी टाटा ट्रस्टने १९३६ मध्ये समाजकार्याची शाळा काढली, तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणजे ‘टिस’, आणि १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. धर्मादाय रुग्णालयात तुमची कागदपत्रे तपासणारी व्यक्ती याच वंशातली. तिचे काम दुहेरी आणि अवघड. गरिबाला खाट मिळवून द्यायची तिने, आणि तिचा पगार देणार ते रुग्णालय, ज्याला ती खाट पैसे भरणाऱ्याला हवी असते. मी पाहिलेले चांगले समाजसेवक या कात्रीतही वाट काढतात. कॅरीबॅगमधला कागदांचा गठ्ठा टेबलावर ओतून दाखला स्वतः शोधून काढतात, त्याची मुदत बघतात, मुलाला ‘सेतूत जाऊन ये’ म्हणून पिटाळतात आणि तोवर फाइल उघडून ठेवतात. वाईट असतात ते ‘खाटा फुल्ल आहेत’ एवढेच म्हणतात, मान वर न करता.

आणि तिथेच फोटो छापलेले लेटरहेड कामाला येते. चिठ्ठी दाखवली की फुल्ल खाटांतली एक रिकामी होते, हे लोकांनी पाहिलेले असते. म्हणून बार्शीच्या वाचकांना मी भोळे म्हणणार नाही. त्यांना अनुभवाने शहाणपण शिकवले आहे. पण चिठ्ठीने मिळालेली खाट शेजाऱ्याला सांगताना ‘साहेबांनी दिली’ अशीच सांगितली जाते, आणि शेजारीही मग साहेबांकडेच जातो. कायद्याने त्याच्या नावे ठेवलेल्या खाटेची त्याला कोणी कल्पनाच देत नाही.

तेव्हा मेहुण्यांना घेऊन निघा. बिलिंगच्या खिडकीपाशी जाण्याआधी वैद्यकीय समाजसेवकाची खोली विचारा आणि अर्ज दाखल होतानाच द्या. डिस्चार्जच्या दिवशी दिलेल्या अर्जावर फार वाद होतात. खाट नाही म्हणाले तर तसे लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी मागितल्यावर आणखी एकदा रजिस्टर पाहिले जाते. तरीही नाहीच म्हणाले, तर धर्मादाय सहआयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार करा. ऑपरेशनला प्लेट किंवा रॉड लागणार असेल, तर त्याची किंमत कोणत्या दराने लावणार हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. या रुग्णांना रुग्णालयाच्या खरेदी किमतीपेक्षा जास्त दर लावता येत नाही. ही रक्कम त्या दोन टक्क्यांच्या निधीतून कशी वळती होते, ते पुढच्या आठवड्यात.