जुने घर, नवा गिलावा

भंडारा, पवनी, तुमसर, साकोली येथील जुन्या वस्त्यांत आजही जाड मातीच्या भिंतींची, सागवानी खांबांची आणि कवेलूंच्या छपरांची घरे दिसतात. काही वाड्यांत चुन्यात बांधलेल्या विटाही असतात. यांपैकी अनेक घरांना अलीकडे सिमेंटचा गिलावा, फरशी आणि ऑइलपेंट लागला आहे. घर पक्के व्हावे म्हणून पदरमोड करून केलेली ही दुरुस्ती; पण दोन-चार पावसाळे गेले की गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि भिंत ओली लागते. दोष मिस्त्रीला दिला जातो. खरे कारण मात्र बहुधा भौतिकशास्त्रात सापडते.

पाणी वर कसे चढते?

माती आणि वीट यांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे जमिनीतील पाणी या छिद्रांतून वर चढते. यालाच आपण केशाकर्षण म्हणतो. नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच चढते. १ मि.मी. त्रिज्येच्या नळीत ते सुमारे दीड सें.मी. चढते, तर ०.०१ मि.मी. त्रिज्येच्या नळीत सुमारे दीड मीटर!

मग जुन्या भिंती इतकी वर्षे टिकल्या कशा? मातीच्या किंवा चुन्याच्या लेपातून चढलेले पाणी वाफ होऊन निघून जात असे. पावसाळ्यात भिंत ओलावे आणि उन्हाळ्यात वाळे. सिमेंटचा घट्ट थर आणि ऑइलपेंट ही वाट अडवतात. अडलेले पाणी आणखी वर सरकते. त्याच्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे स्फटिकरूप धारण करतात आणि वाढणारे स्फटिक गिलाव्याला बाहेर ढकलतात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे ओली माती भार पेलू शकत नाही. भिंतीत रोवलेली लाकडी तुळईची टोकेही ओलीने कुजतात आणि वाळवीला आमंत्रण मिळते. बाहेरून नवी दिसणारी भिंत आतून अशी खचत असते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुरासारख्या प्रसंगानंतर तर ही काळजी अधिकच घ्यावी लागते. भिजलेली जाड भिंत वाळायला कित्येक महिने लागतात. तिच्यावर लगेच सिमेंट लावणे म्हणजे पाणी आत कोंडणे होय.

चुन्याचे रसायन

१०० ग्रॅम शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली, की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ ग्रॅम कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवल्यावर त्याचा ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. भिंतीला लावल्यानंतर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळच्या चुनखडीचाच पदार्थ बनतो. हा लेप सिमेंटपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. भिंत थोडी हलली तरी तो सांभाळून घेतो आणि ओल बाहेर जाऊ देतो. मात्र तो सावकाश घट्ट होतो आणि त्याला जाणता कारागीर लागतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चुना विरवताना डोळे व कातडी भाजू शकतात; म्हणून विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करू नये.

बदल कोठे, किती?

जुन्या घरात राहणाऱ्यांना न्हाणीघर, संडास, वीज हवीच. घर म्हणजे काही संग्रहालय नव्हे. कवेलूंचेही तसेच. माकडे ती फोडतात आणि दरवर्षीची शाकारणी परवडत नाही, म्हणून लोक टिनाकडे वळतात. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की तापलेल्या पत्र्याखाली बसवत नाही. पत्रा घालणे भागच असेल, तर खाली लाकडी फळ्यांचे किंवा बांबूच्या तट्ट्यांचे छत ठेवून मधल्या हवेला बाहेर जायला वाट द्यावी.

ऑस्ट्रेलियात १९७९ साली तयार झालेल्या बुरा सनदेचे सूत्र येथे उपयोगी पडते: आवश्यक तेवढे सर्व करावे, पण बदल शक्य तितका कमी करावा. म्हणजे न्हाणीघर जुन्या भिंतीला न चिकटवता मागच्या अंगणात स्वतंत्र पायावर बांधावे. विजेच्या तारांसाठी भिंत न खोदता त्या पट्टीवरून न्याव्यात. सर्वांत आधी गळके छप्पर, पन्हळ आणि पायथ्याचा उतार दुरुस्त करावा. सिमेंट आधीच लागले असेल, तर भिंतीचा खालचा भाग जाणत्याच्या देखरेखीखाली मोकळा करून वाळू द्यावा आणि मग चुन्याचा किंवा मातीचा लेप द्यावा. अशा दुरुस्तीत ओसरी, खांब, कोनाडे जागच्या जागी राहतात आणि घरही राहण्याजोगे होते.

वर्गात करून पाहा

टिपकागदाच्या सारख्या दोन लांब पट्ट्या घ्या. एक उघडी ठेवा. दुसरी वरचे टोक सोडून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. दोन्हींची खालची टोके मिठाच्या पाण्यात बुडवून पट्ट्या उभ्या टांगा. पाणी कोणत्या पट्टीत अधिक उंच चढते? काही दिवसांनी मीठ कोठे जमते? मग विद्यार्थ्यांना गावातील जुन्या भिंतींवर ओलीची रेषा शोधायला सांगा. मातीच्या आणि सिमेंटच्या लेपाच्या भिंतींवर ती जमिनीपासून किती उंच आहे, हे मोजून घ्या. आपल्या शाळेची मोजमापे आम्हाला जरूर कळवा.