मलिक अंबरचे वंशज शोधताना

1610 साली खडकी वसवणारा, भडकल दरवाजा आणि नहर मागे ठेवून गेलेला मलिक अंबर छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्याच जुन्या खडकीत, सगळ्यांच्या माहितीचा आहे. त्याच्या घराण्याबद्दलही इथे बरंच ठामपणे बोललं जातं. जंजिऱ्याचे सिद्दी त्याचेच वंशज, मलिक आडनावाची घरं त्याचीच, आणि कोणी म्हणतो, तो तर गुलाम, गुलामाला कसलं आलंय घराणं! तिन्ही समज कच्चे आहेत. पहिल्या दोहोंचं मूळ एकच: नाव जुळलं की नातं जुळलं असं आपण धरून चालतो.

आधी जंजिरा. तिथेही त्याच काळात एक सिद्दी अंबर होता. दोघेही हबशी, दोघेही निजामशाहीचे चाकर, तेव्हा सांगणाऱ्यांनी दोघांना एका घरात बसवून टाकलं. पण मलिक अंबर मे 1626 मध्ये वारला आणि खुलताबादेत त्याची कबर झाली. जंजिऱ्याच्या अंबरची कारकीर्द त्यानंतरही चालू राहिली. मुळात अंबर हे बापाने ठेवलेलं नावच नव्हे. गुलामांना मालक नावं देत, आणि ती बहुधा रत्नांची, फुलांची, सुगंधी द्रव्यांची असत: याकूत, रेहान, अंबर. एकाच पिढीत एकाच नावाचे कितीतरी लोक भेटतात ते यामुळे. इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचं आधीचं नाव चापू होतं, असं त्याला प्रत्यक्ष भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवलं आहे. मलिक ही तर पदवी; आजच्या आडनावाशी तिचा धागा जोडायला काहीच आधार नाही. म्हणजे ज्या नावाने आपण त्याला ओळखतो त्यातलं काहीही त्याच्या बापाकडून आलेलं नाही, आणि चापूच्या वर वंशावळ सरकत नाही.

खालच्या बाजूला मात्र चांगले पुरावे आहेत. दख्खनेत गुलामी जन्मभराची किंवा पिढीजात असेच असं नव्हतं. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हा अंबरचा धनी, स्वतःही हबशी. तो मेल्यावर अंबर मोकळा झाला. पत्नी करीमा हिची कबर खुलताबादेत त्याच्या कबरीजवळच आहे. मुलगा फतेहखान बापामागे वजीर झाला, 1633 साली दौलताबाद मोगलांच्या हवाली करून बसला आणि पुढे त्यांचं वेतन घेत लाहोरला राहिला. त्या शाखेचा माग काढायचा तर वाट कोकणात नाही, उत्तरेत जाते.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे दरबारी कागद, तेही शत्रूचे. घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या आठवणींना काहीच किंमत नाही का? आक्षेप रास्त आहे. जहांगीराने अंबरला शिव्याच घातल्या. पण दौलताबाद मिळाल्याचा विजय मोगलांना मिरवायचा होता, म्हणूनच फतेहखानाची हालचाल नोंदली गेली. घरातली आठवण कुठे शोधायचं ते सांगते. पुरावा म्हणून ती एकटी पुरत नाही. डीएनए तपासणीचंही तेच. ती फार तर आफ्रिकेकडे बोट दाखवेल, पण अंबरचा नमुनाच कोणाकडे नसताना ती एका माणसापर्यंत कशी नेणार?

अंबरच्याच काळात, 1620 साली, मेफ्लॉवर जहाजातून इंग्रज अमेरिकेत वसायला गेले. त्यांच्या मायदेशी चर्चच्या नोंदवह्या 1538 पासून ठेवायचा हुकूम होता. तरीही त्यांच्या वंशजांची तिथली संस्था प्रत्येक पिढीचे जन्म-लग्न-मृत्यूचे पुरावे मागते, कारण एकाच नावाची माणसं तिथेही ढिगाने. अंबरच्या बाबतीत तेवढे कागद नाहीत म्हणून कसोटी सैल करायची, हे उलटंच झालं.

आणखी एक शाखा तर कोणी विचारातच घेत नाही. अंबरने आपली मुलगी सुलतान मुर्तझा निजामशहाला दिली होती. आपल्या वंशावळींत लेकी गळतात, तशी तीही गळली. तिच्या पोटचं कोणी पुढे राहिलं असेल, तर ते हबशांच्या यादीत नाही, निजामशाही घराण्याच्या नोंदींत शोधावं लागेल.